जमीन बाजाराबाहेर, पण बाजारभावाने : बर्लिंग्टनच्या पुरोगामी गृहनिर्माण धोरणाची समीक्षा

‘पुरोगामी’ हे विशेषण आपल्या सार्वजनिक व्यवहारात इतक्या सैलपणे वापरले जाते की, एखाद्या नगरशासनास ते लावल्याने त्या शासनाविषयी फारसे काही कळत नाही. अमेरिकेतील नगरनियोजनाचे अभ्यासक पिअर क्लॅव्हेल यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रोग्रेसिव्ह सिटी’ या ग्रंथात मात्र या शब्दाला निश्चित अर्थ देण्याचा प्रयत्न केला. हार्टफोर्ड, क्लीव्हलँड, बर्कली, सांता मोनिका आणि बर्लिंग्टन या पाच शहरांचा अभ्यास करून त्यांनी दोन लक्षणे पुढे ठेवली. एक, मूठभरांच्या हाती एकवटलेल्या मालमत्तेच्या सत्तेला आव्हान. आणि दुसरे, निर्णयप्रक्रियेत नागरिकांचा प्रत्यक्ष सहभाग. या पाचांपैकी व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टनचा प्रयोग सर्वाधिक टिकला आणि सर्वाधिक वाखाणलाही गेला. दुसऱ्या लक्षणाच्या कसोटीस तो बऱ्याच अंशी उतरतो. पहिल्या लक्षणाच्या कसोटीस तो उतरतो काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

मार्च १९८१ मध्ये बर्नी सँडर्स अवघ्या १० मतांच्या फरकाने महापौरपदी निवडून आले, तेव्हा या शहराची लोकसंख्या सुमारे ३८ हजार होती. नगरमंडळात त्यांच्या बाजूचे सदस्य जेमतेम होते. त्याच वर्षी घरभाड्याच्या तंट्यांचा निवाडा करणाऱ्या आयोगाचा प्रस्ताव मतदारांसमोर आला आणि घरमालकांच्या विरोधापुढे तो मोठ्या फरकाने पडला. बर्लिंग्टनविषयीच्या गौरवपर लेखनात या पराभवाचा उल्लेख एखाद्या वाक्यात उरकला जातो. माझ्या मते पुढील सर्व धोरणाची दिशा तेथेच ठरली. अस्तित्वात असलेल्या मालकाच्या हक्काला थेट हात घालता येत नाही, हे उमगल्यावर शासनाने दुसरी वाट धरली. जमीन व घरे विकत घेऊन ती बाजाराबाहेर न्यावयाची, हीच ती वाट.

या वाटेचे साधन म्हणून १९८३ साली समुदाय व आर्थिक विकास कार्यालय स्थापन झाले. त्याचे पहिले संचालक पीटर क्लॅव्हेल हे पुढे १९८९ साली महापौर झाले. (उपरोक्त ग्रंथकाराशी त्यांचे केवळ नामसाधर्म्य आहे.) १९८४ साली नगरशासनाने २ लाख डॉलर्सचे बीजभांडवल देऊन बर्लिंग्टन समुदाय भूमी-न्यासाची उभारणी केली. न्यास जमिनीची मालकी स्वतःकडे ठेवतो आणि घर कुटुंबास विकतो. कुटुंबाने पुढे घर विकावयाचे ठरविल्यास त्यास स्वतः भरलेली रक्कम मिळते. मात्र मूल्यांकनात झालेल्या वाढीपैकी केवळ २५ टक्के वाटा त्याचा असतो. उदाहरणादाखल, घराचे मूल्य ४० हजार डॉलर्सनी वाढले असेल तर १० हजार कुटुंबाचे आणि उरलेले ३० हजार घरातच राहतात, म्हणजे पुढील खरेदीदारास ते घर तेवढे स्वस्त मिळते. अनुदान एकदाच दिले जाते, परंतु लाभ पिढ्यान्‌पिढ्या चालतो. सरकारी अनुदानातून मिळालेले घर पहिल्याच फेरविक्रीत बाजारात विरघळून जाते, हा अनुभव सर्वत्र असताना ही तरतूद निःसंशय मोलाची आहे.

या कल्पनेची वंशावळ मराठी वाचकास अपरिचित वाटू नये. भूमी-न्यासाचा अमेरिकेतील पहिला प्रयोग १९६९ साली जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी झाला. त्याच्या प्रवर्तकांपैकी रॉबर्ट स्वान यांनी विनोबांच्या ग्रामदान चळवळीपासून प्रेरणा घेतली होती. १९५१ साली पोचमपल्ली येथे सुरू झालेले भूदान ग्रामदानात परिणत झाले, तेव्हा त्यातील मर्म हेच होते की, जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जावी आणि कसण्याचा व वारसाचा हक्क कुटुंबाकडे राहावा. गागोद्यात जन्मलेल्या विनोबांचा हा विचार जॉर्जियामार्गे व्हरमाँटच्या बर्फाळ शहरात पोहोचला, ही गोष्ट सुखावणारी खरी. तथापि वाटेत त्यात मूलभूत बदल झाला. ग्रामदानाची भिस्त जमीनमालकाच्या हृदयपरिवर्तनावर होती. मालकाने जमीन द्यावयाची होती, विकावयाची नव्हती. बर्लिंग्टनच्या न्यासाने हृदयपरिवर्तनाच्या जागी करारातील कलम आणले आणि दानाच्या जागी खरेदीखत. ग्रामदानाच्या कित्येक घोषणा कागदावरच राहिल्या. करारातील कलम न्यायालयात टिकते. पण खरेदीखताला किंमत मोजावी लागते आणि ती बाजार ठरवील तीच. जॉर्जियातील मूळ प्रयोगाची जमीन कर्जापायी १९८५ साली गेली, यावरून हा भार किती जड असतो याची कल्पना येते.

नॉर्थगेट वसाहतीच्या प्रकरणात ही वाट तिच्या सर्व सामर्थ्यानिशी दिसते. संघशासनाच्या साहाय्याने बांधलेल्या या ३३६ घरांवरील भाड्याचे निर्बंध, मालकाने कर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास संपुष्टात येणार होते. भाडेकरू संघटित झाले, नगरशासन त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९८९ साली वसाहत रहिवाशांच्या पुढाकाराने ना-नफा मालकीत आली. एवढ्या लहान शहरात एका वेळी ३३६ घरे वाचणे ही सामान्य गोष्ट नव्हे. सहभाग म्हणजे काय, हे ज्यांना पुस्तकातून कळत नाही त्यांनी हे प्रकरण अवश्य अभ्यासावे. मात्र निर्बंधमुक्तीची टांगती तलवार ज्याच्या हाती होती त्या मालकास येथे आव्हान दिले गेले नाही. त्याला त्याची किंमत मिळाली.

आर्थिक विकासाच्या क्षेत्रातही हाच पेच आढळतो. स्थानिक मालकी, सहकार आणि स्त्रियांना बांधकामातील कुशल रोजगार यांवर कार्यालयाने दिलेला भर स्तुत्य होता. २००२ साली शहराच्या मध्यभागी मोठ्या साखळी दुकानाऐवजी ग्राहक सहकारी भांडार उभे राहिले, हे त्याच धोरणाचे उशिरा आलेले फळ. परंतु तळ्याकाठच्या जमिनीचा प्रश्न आला तेव्हा करउत्पन्नाच्या गरजेपोटी हेच शासन खासगी विकासकाच्या भव्य योजनेमागे उभे राहिले. १९८५ च्या अखेरीस त्यासाठीच्या कर्जरोख्यांना आवश्यक दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत. विरोधकांत डाव्या विचारांचे पर्यावरणवादी अग्रभागी होते. पुढे १९८९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तळ्यात भर घालून तयार केलेल्या जमिनीवर सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व लागू केले. आज तेथे जो मोकळा सार्वजनिक किनारा दिसतो त्याचे श्रेय अनेकदा पुरोगामी शासनास दिले जाते. ते पूर्णतः चुकीचे नसले, तरी त्या शासनाच्या पराभवाचाही त्यात वाटा आहे.

यशाच्या मोजमापाविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. १९८८ ते २००२ या काळातील न्यासाच्या ९७ फेरविक्रींचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार परिसरातील मध्यक उत्पन्नाच्या ६२ टक्के कमाई असणाऱ्या कुटुंबास जे घर प्रथम परवडत होते, ते फेरविक्रीच्या वेळी ५७ टक्के कमाई असणाऱ्यासही परवडू लागले. आकडे प्रभावी आहेत व त्यांवर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही. तथापि अभ्यासाचे एक लेखक जॉन डेव्हिस हे स्वतः ऐंशीच्या दशकात नगरशासनाच्या गृहनिर्माण विभागात कार्यरत होते. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, या अभ्यासाचे एकक ‘घर’ आहे, ‘शहर’ नाही. न्यासाच्या घरात शिरलेल्यांचे काय झाले ते कळते. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांमुळे भाडे चढत गेलेल्या गल्ल्यांत जे राहिले, त्यांचे काय झाले ते कळत नाही. २००६ च्या विलीनीकरणातून शॅम्प्लेन हाउसिंग ट्रस्ट या नावाने विस्तारलेल्या या संस्थेस २००८ साली जागतिक अधिवास पुरस्कार मिळाला. आज तिच्याकडे दोन हजारांहून अधिक भाड्याची घरे आहेत. शहराबाहेरील तीन परगण्यांत तिचा व्याप पसरला आहे. संस्था वाढली. तिच्या कुंपणाबाहेरचा बाजार मात्र आपल्या गतीने चालत राहिला.

सर्व दोष नगरशासनाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. १९९० साली त्याने नव्या खासगी प्रकल्पांत परवडणाऱ्या घरांचा वाटा सक्तीचा केला, ही मालमत्ताहक्कावर घातलेली खरी मर्यादा होती. परंतु ती नव्या बांधकामापुरती होती. जुन्या घरमालकाशी १९८१ साली अपुरा राहिलेला वाद चाळीस वर्षांनी पुन्हा उभा राहिला. मार्च २०२१ मध्ये बर्लिंग्टनच्या मतदारांनी सबळ कारणाविना भाडेकरूस घराबाहेर काढण्यास मनाई करणारी सनद-दुरुस्ती मंजूर केली. या वेळी मतदार बाजूने होते, पण शहराच्या सनदेतील बदलास राज्याची संमती लागते. विधिमंडळाने ती दिली; राज्यपाल फिल स्कॉट यांनी २०२२ साली नकाराधिकार वापरला आणि विधिमंडळास तो फिरविता आला नाही.