डच दप्तराचे वाचक

प्रा. ओमप्रकाश दिल्लीच्या अध्यापनकार्यांतून निवृत्त झाले, तेव्हां आम्हां समव्यवसायींना प्रथम आठवला तो त्यांचा १९८५ सालचा ग्रंथ. डच ईस्ट इंडिया कंपनी आणि १६३० ते १७२० या काळांतील बंगालचें अर्थकारण हा त्याचा विषय.

सतराव्या शतकांतील डच हस्ताक्षर वाचणें हेंच मुळीं डोळे शिणविणारें काम. त्यांत मजकूर तो माल, भाव व जमाखर्च यांचा! बखरींची गोडी लागलेल्या आपणांस तो रुक्षच वाटावयाचा. परंतु ओमप्रकाशांनीं त्या आकड्यांतून बंगालचा विणकर शोधून काढला. कंपनी येथील रेशीम व कापड घेई. पण तिचा युरोपीय माल येथें फारसा खपत नसे, म्हणून तिला सोनें-चांदी ओतावी लागे. त्या ओघानें उत्पादन वाढलें, नव्या हातांस काम मिळालें, असा त्यांचा सिद्धान्त. कंपनीचा व्यापार म्हणजे पहिल्या दिवसापासून लूटच, असें मानणाऱ्यांस तो रुचणार नाहीं. १७५७ पूर्वीचा व्यापार आणि नंतरची सत्ता यांत त्यांनीं केलेला भेद आम्हांस मात्र पटतो.

तथापि स्नेहापोटीं उणीव झांकूं नये. अठराव्या शतकाच्या मध्यासही निर्यातींत आशियाई व्यापाऱ्यांचाच वाटा मोठा होता, असें सुशील चौधुरी यांचें म्हणणें आहे. ओमप्रकाशांनीं हुगळीच्या देशी जहाजांची दखल घेतली आहे खरी; पण ती डचांनींच लिहून ठेविलेल्या याद्यांवरून! खुष्कीच्या वाटेनें उत्तरेकडे गेलेलें कापड बंदरावरच्या डच कारकुनास कोठून दिसणार?