मुक्त ज्ञानकोश आणि गुणवत्तेचा प्रश्न

ज्ञानकोशातील मजकुराचे उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न मुक्त ज्ञानकोशाने नव्याने उपस्थित केला आहे. मराठी विश्वकोशात नोंदीच्या अखेरीस लेखकाचे नाव असते. चुकीचा जाब त्या नावाला विचारता येतो. २००१ मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियाने नोंदीखालचे हे नाव वगळून असंख्य वाचकांच्या दक्षतेवर भिस्त ठेवली. चूक कोणाच्या तरी नजरेस पडेल व दुरुस्त होईल, हे त्यामागील गृहीतक होय.

डिसेंबर २००५ मध्ये ‘नेचर’ने विज्ञानविषयक ४२ विषयांवरील नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात १६२, तर ब्रिटानिकात १२३ उणिवा आढळल्या. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. तरीही मुक्त ज्ञानकोशाच्या समर्थकांना त्यातून बळ मिळाले. मात्र ही तुलना इंग्रजी आवृत्तीची होती, हे विसरता येत नाही. त्याच वर्षी अमेरिकन पत्रकार जॉन सीगेनथॅलर यांच्याविषयीचा धादांत खोटा मजकूर इंग्रजी आवृत्तीतही सुमारे चार महिने तसाच राहिला होता.

संपादक मोजके असलेल्या भाषांत हे गृहीतक अधिकच दुबळे ठरते. स्कॉट्स भाषेच्या आवृत्तीतील हजारो नोंदी ती भाषा न जाणणाऱ्या एका अमेरिकन तरुणाने लिहिल्याचे २०२० मध्ये उघडकीस आले. नोंदींची संख्या वाढत होती. भाषा मात्र विद्रूप होत होती.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी आवृत्तीला हा धोका परका नाही. यांत्रिक भाषांतराने नोंदी झपाट्याने वाढविता येतात, परंतु त्या तपासणारा जाणकार तसा वाढत नाही. म्हणून नोंदसंख्या हा गुणवत्तेचा निकष मानणे सदोष आहे. लेखकाच्या नावाची उणीव प्रत्येक विधानाला दिलेला पडताळण्याजोगा संदर्भच भरून काढू शकतो.

येथे महाविद्यालयांची भूमिका निर्णायक ठरते. विद्यार्थ्यांकडून नव्या नोंदी लिहून घेण्यापेक्षा जुन्या नोंदीतील एकेक विधान ग्रंथालयातील संदर्भग्रंथाशी ताडून पाहण्याचा स्वाध्याय अधिक उपयुक्त आहे. मतभेद चर्चापानावर नोंदविले जावेत आणि विषयाच्या अध्यापकाने त्यांची छाननी करावी. विकिपीडियावर विसंबू नये, असे विद्यार्थ्यांना बजावणारा अध्यापकवर्ग त्याच्या दुरुस्तीपासून अलिप्त राहिला, तर त्या अविश्वासाचे काही उत्तरदायित्व त्याच्याकडेही जाते.