कॉर्निश लेखनांतील ऱ्हस्वदीर्घविचार

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉलची भाषा अठराव्या शतकाअखेर लोकव्यवहारांतून लोपली. विसाव्या शतकांत तिचें पुनरुज्जीवन झालें. उच्चार ऐकविणारा कोणी न उरल्यानें लेखी साधनें हाच मुख्य आधार होय. परंतु मध्यकालीन पोथ्यांत 'ग्विन' हें एकच रूप 'द्राक्षासव' व 'पांढरा' या दोन्ही अर्थीं येतें. केन जॉर्ज यांनीं १९८६ सालीं मांडलेल्या पद्धतींत पहिल्या शब्दांत एकेरी 'न' व स्वर दीर्घ. दुसऱ्यांत जोड 'न' व स्वर ऱ्हस्व.

हा भेद निराधार नाहीं. एडवर्ड लुइड याच्या १७०७ सालच्या ग्रंथांत 'पांढरा' या अर्थीं 'ग्विड्न' येतें. द्राक्षासवाच्या शब्दांत हा 'ड' नाहीं. दोन्ही शब्द कानास भिन्न होते, हें उघड आहे. मात्र ही साक्ष भाषेच्या उतरत्या काळाची आहे. शिवाय जुनी स्वरमात्रांची व्यवस्था मध्यकालीन पोथ्यांपूर्वींच मोडली होती, असें निकोलस विल्यम्स यांनीं १९९५ सालीं प्रतिपादिलें. तेव्हां भेद मान्य करूनही तो मात्रेचा कीं व्यंजनाचा, हा प्रश्न उरतोच.

मोडींत 'दिन' व 'दीन' सारखेच दिसतात. वाचक संदर्भानें अर्थ लावतो, पण नक्कल करतांना मूळ अक्षर बदलीत नाहीं. विद्यार्थ्यांसाठीं जोड 'न' खुशाल लिहावा. पोथी छापतांना मात्र तो घालूं नये; नाहींतर आज आपण घातलेली खूण उद्यां पुरावा म्हणून आपल्याच पुढें येईल, असें आमचें स्पष्ट मत आहे.