आजीचें चरित्र आणि नातवाची लेखणी

ज्या लेखनाचें परीक्षण येथें करावयाचें आहे तें अद्याप छापलें गेलेलें नाहीं, आणि छापलें गेलें तरी कोणत्याही ग्रंथविक्रेत्याच्या दुकानांत तें दिसणार नाहीं. नेरुळ येथें राहणाऱ्या एका तरुण गृहस्थानें आपल्या आजीच्या पहिल्या वर्षदिनाच्या मिस्सेस जमणाऱ्या आप्तांस वांटण्यासाठीं चाळीस पृष्ठांची एक पुस्तिका लिहिली असून, छापखान्यांत धाडण्यापूर्वीं तिच्यावर एकवार नजर टाकावी म्हणून ती प्रस्तुत लेखकाकडे आणून दिली. आजी वसईची, शेतकरी घरांतली, सामवेदी ख्रिस्ती समाजांतली. ती 1931 सालीं जन्मली, अठराव्या वर्षीं लग्न होऊन आगाशीच्या बाजूच्या एका वाडींत आली, सात मुलांची आई झाली आणि नव्वदी ओलांडून गेल्या वर्षीं वारली. एवढेंच तिचें बाह्य चरित्र. अशा पुस्तिकेवर टीका लिहिणें म्हणजे कोणी प्रेमानें वाहिलेल्या फुलांच्या पाकळ्या मोजण्यासारखें आहे असा आक्षेप येईल. परंतु लेखकानें मत विचारलें आहे, आणि पुस्तिकेंत अशीं दोनचार वाक्यें आहेत कीं, त्यांच्यामुळें गप्प बसवत नाहीं.

प्रथम दोष सांगून मोकळें होतों. पुस्तिकेचीं पहिलीं वीस पृष्ठें कोणत्याही श्रद्धाळू आजीचीं म्हणून खपतील. ती पहांटे उठे, नित्य प्रार्थना करी, कोणास दुखवीत नसे, आल्यागेल्यास विन्मुख पाठवीत नसे. हीं विधानें खोटीं आहेत असें नव्हे. पण हीं आपल्याकडे इतक्या आज्यांविषयीं लिहिलीं गेलीं आहेत कीं, त्यांतून आतां एकाही आजीचा चेहरा दिसेनासा झाला आहे. सद्गुणांची यादी हें चरित्र नव्हे. मनुष्य देवाच्या दारीं गेलें कीं त्याच्या अंगावरची माती झटकून टाकावी ही आपली जुनी खोड आहे, आणि शेतकरीण बाईच्या बाबतींत तर माती झटकली कीं बाकी फारसें कांहीं उरत नाहीं.

या आजीची माती कोणती होती तें वाचकांस ठाऊक असेलच असें नाहीं, म्हणून थोडें विषयांतर करतों. वसईचा मुलूख 1534 सालीं पोर्तुगीजांच्या हातीं गेला आणि 1739 सालीं चिमाजी आप्पांनीं तो घेतला. या दोनशें वर्षांत जे ख्रिस्ती झाले ते राज्य पालटल्यावरही आपल्या विहिरी, वाड्या आणि बोली धरून तेथेंच राहिले. सामवेदी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या समाजाची बोली मराठीच. पण पुण्याच्या माणसाच्या कानास ती प्रथम परकी वाटावी इतकी निराळी. केळीं, पानवेल, फुलें, भाजीपाला हा त्यांचा व्यवसाय. राजेळी केळीं उन्हांत वाळवून केलेली वसईची सुकेळी प्रसिद्ध आहे. पुरुषानें शिंपावें, खणावें, आणि बाईनें खुडावें, जुड्या बांधाव्या, टोपली डोकीवर घेऊन पहांटेची गाडी गांठावी आणि मुंबईच्या बाजारांत माल विकून, हिशेब करून दुपारीं घरीं यावें, अशी वांटणी कित्येक घरांत होती. लाल लुगड्यांतल्या या बाया एके काळीं पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांच्या नित्य पाहण्यांतल्या होत्या. त्यांच्या टोपलीचा भार लोकांनीं पाहिला. त्यांच्या डोक्यांत काय चाललें असे तें मराठी साहित्यानें फारसें विचारलें नाहीं.

ही उणीव मोठी आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मय म्हटलें कीं फादर स्टीफन्सचें 1616 सालचें ‘क्रिस्तपुराण’ आठवतें, मग एकदम बाबा पदमनजी, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई. यांतले शेवटचे तिघे प्रॉटेस्टंट परंपरेचे. वसईच्या कॅथलिकांचें गद्य पुढें वाढलें तें ‘सुवार्ता’ मासिकाच्या आश्रयानें, आणि त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 सालीं उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हां त्याची दखल सर्व महाराष्ट्रानें घेतली. तथापि वाडींतल्या बाईचें चरित्र त्या मानानें कमीच लिहिलें गेलें आहे. प्रस्तुत पुस्तिका त्या रिकाम्या जागीं उभी आहे. लेखकास याची कल्पना नाहीं, हें त्याचें भाग्यच म्हणावयाचें.

त्यानें डोळ्यांसमोर नमुना ठेवला आहे तो ‘श्यामच्या आई’चा. हें त्यानें सांगितलें नाहीं, पण प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस आजीकडून एक धडा मिळतो त्यावरून उघड दिसतें. साने गुरुजींनीं 1933 सालीं नाशिकच्या तुरुंगांत तें पुस्तक लिहिलें तेव्हां आईस जाऊन पंधरा वर्षें होऊन गेलीं होतीं आणि त्या दुःखाचा पाझर आटलेला नव्हता. तो पाझर उसना आणतां येत नाहीं. उसनी येते ती केवळ धड्यांची रीत. याहून चांगला नमुना लेखकाच्या घराजवळ होता. 1934 पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त लक्ष्मीबाईंनीं आपली श्रद्धा कोठेंही पुढें करून मिरविली नाहीं. त्यांनीं आपला हट्ट सांगितला, फजिती सांगितली, पतीच्या लहरीपणावर हंसल्या, आणि धर्मांतरासारखा जिवाचा प्रश्न सोवळ्याओवळ्याच्या अडचणींतून दाखविला. म्हणूनच त्यांच्या श्रद्धेवर आपला विश्वास बसतो.

आतां गुण. एकविसाव्या पृष्ठावर, आजीच्या कामाची हकीकत सांगतां सांगतां, लेखकानें ओझरतें एक वाक्य लिहिलें आहे: पानवेलीच्या वाफ्यास पाणी सोडलें कीं आजी जपमाळेचें एक दशक म्हणे, तें संपलें कीं बारें मोडून पाणी पुढच्या वाफ्यांत वळवी. पांच वाफे झाले कीं माळ पुरी. वाफा लांब असला तर दशक सावकाश म्हणावें, उन्हाळ्यांत विहिरीचें पाणी खालीं गेलें असेल तर घाईनें. हातांत कुदळ असल्यामुळें मणी मोजतां येत नसत. बोटें कुदळीच्या दांड्यावर एकेक सरकत. या वाक्यानंतर लेखक लगेच ‘अशी होती तिची श्रद्धा’ असें म्हणून पुढें जातो.

त्यानें पुढें जावयास नको होतें. वीस पृष्ठांत जी आजी दिसली नाहीं ती येथें उभी आहे, चिखलांत, घोट्यापर्यंत पाण्यांत. प्रार्थना हें तिच्या कामाचें अलंकरण नव्हतें, तिचें घड्याळ होतें; आणि घड्याळ पाण्यावर चालत होतें. मग प्रश्न सुचतात. पाऊस पडला, शिंपण्याचें काम उरलें नाहीं, त्या चार महिन्यांत ती माळ कशी म्हणे? विहिरीवर रहाट जाऊन पंप आला आणि पाणी भराभर येऊं लागलें तेव्हां नमो मरियाही भराभर झाली काय? सून वाफ्यावर आली तेव्हां सासूनें तिला पाण्याचें माप माळेनें शिकविलें कीं दुसऱ्या कशानें? लेखकास मीं हे प्रश्न विचारले. पंपाविषयींचें उत्तर त्यास ठाऊक होतें. पंप आल्यावर आजीनें एका वाफ्यास अर्धें दशक असा हिशेब बसविला आणि उरलेलें अर्धें ‘मेलेल्यांसाठीं’ ठेवलें! हें पुस्तिकेंत कां नाहीं, असें विचारतां तो म्हणाला, “सर, लोक हंसतील.” हंसतील तर हंसोत, लक्ष्मीबाईंना हें सांपडतें तर त्यांनीं सोडलें नसतें.

दुसरा मुद्दा भाषेचा. पुस्तिकेंत आजी अनेक ठिकाणीं बोलते, पण बोलते ती शाळेच्या पुस्तकांतलें. लेखकानें तिची सामवेदी धुऊन, इस्त्री करून छापखान्यांत धाडली आहे. यामागें लाज आहे असें मीं धरलें नाहीं. नेरुळच्या वाचकास कळावें हा हेतू असेल. परंतु बहिणाबाई चौधरींचें उदाहरण पहावें. लिहितां वाचतां न येणारी खानदेशांतली ही शेतकरीण 1951 सालीं वारली. तिचीं गाणीं घरच्यांनीं टिपून ठेवलीं होतीं म्हणून 1952 सालीं तीं पुस्तकरूपानें आलीं, आणि आलीं तीं तिच्या बोलींत. मुलानें तीं शुद्ध मराठींत बसविलीं असतीं तर आज त्यांचें नांव कोणी काढलें असतें काय? हेमा राईरकर व गी पॉइतवँ यांनीं खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्याही बायांच्या तोंडच्या शब्दांत.

आमच्या आजीच्या बाबतींत भाषेचा प्रश्न आणखी खोल जातो. लेखक कौतुकानें लिहितो कीं, मिस्सा लॅटिनमध्यें होत असे तेव्हांही न समजतां ती भक्तिभावानें बसे, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1965 च्या पुढें, मराठी आल्यावर तिला सारें समजूं लागलें. येथें मी थबकलों. जी मराठी आली ती ग्रंथांची होती, वाडींतली नव्हती. म्हणजे देवापुढें ती प्रथम रोमच्या भाषेंत उभी राहिली, मग पुण्याच्या. स्वतःच्या भाषेंत उभी राहिली ती फक्त वाफ्यावर, जेथें ऐकावयास कोणी नव्हतें. माळेच्या मधोमध ती सामवेदींत कांहीं पुटपुटे असें लेखक एका ठिकाणीं म्हणतो. काय पुटपुटे, तें त्यानें लिहिलेलें नाहीं. त्याची आत्या हयात आहे. तिला विचारतां येईल, आणि लवकर विचारावें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र पुस्तिकेंत नाहींच. हस्तलिखित परत देतांना चहा घेतां घेतां त्यानें ती सांगितली. दिरानें बांध सरकविला, दोन हात जमीन गेली, आणि तक्रार वाढत वाढत भाऊबंदकींत मुरली. त्यानंतर सात वर्षें आजी रोजच्या प्रार्थनेंत क्षमेच्या वाक्यापाशीं आली कीं तोंड मिटून घेई. घरांतलीं इतर माणसें तें वाक्य म्हणत, ती थांबे, आणि पुढच्या वाक्यास पुन्हा सुरांत सूर मिसळी. नवऱ्यानें समजाविलें, फादरनीं समजाविलें. तिचें म्हणणें एकच: जें केलें नाहीं तें देवापुढें केलें म्हणून कसें सांगूं? आठव्या वर्षीं दीर आजारी पडला तेव्हां ती त्याच्याकडे पेज घेऊन गेली, आणि त्या रात्रीं तें वाक्य मोठ्यानें म्हणाली, इतकें मोठ्यानें कीं मुलें दचकलीं.

‘हें छापलें तर चुलत घराण्यास वाईट वाटेल’ असें लेखकाचें म्हणणें आहे. तें खरें आहे, आणि मी तें हलकें मानीत नाहीं; वर्षदिनाच्या मिस्सेस तींच माणसें पुढच्या बांकावर बसणार आहेत. तरीही माझें मत उलट आहे. पहिल्या वीस पृष्ठांवर ‘कोणास दुखवीत नसे’ असें लिहून आणि ही गोष्ट गाळून लेखकानें आजीस दिरापेक्षां अधिक दुखविलें आहे. सात वर्षें खोटें न बोलण्यासाठीं गप्प राहणारी बाई ही सदा क्षमाशील आजीहून किती तरी अधिक भाविक आहे. दिराचें नांव देऊं नये, बांधाची दिशा सांगूं नये, वाटल्यास आजीनें कोणाशीं अबोला धरला होता एवढेंच म्हणावें. पण तें मिटलेलें तोंड पुस्तिकेंत पाहिजे.

शेवटचें प्रकरण जमिनीचें आहे, आणि तें लेखकानें घाईनें उरकलें आहे. वाडी विकली गेली. तेथें आतां इमारत आहे. लेखक ज्या नेरुळांत राहतो तें नवी मुंबईचें नगर ठाणें, पनवेल व उरण भागांतल्या 95 गांवांच्या जमिनी घेऊन उभें राहिलें. सिडको 1970 सालीं स्थापन झाली, आणि जानेवारी 1984 मध्यें जासई भागांत मोबदल्यासाठीं उठलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पांच माणसें मेलीं. पुढें 1990 सालीं तीच सिडको वसईच्या नियोजनासाठीं नेमली गेली, त्या सुमारास हरित वसईची चळवळ उभी राहिली आणि आजीच्या वयाच्या बायाही मोर्चांत चालल्या. म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर बांधलेल्या घरांत बसून नातू आपल्या गेलेल्या शेताविषयीं लिहीत आहे. हें त्याच्या ध्यानांत आलेलें दिसत नाहीं. प्रस्तुत लेखकही वाशींत अशाच जमिनीवर राहत असल्यामुळें त्याविषयीं अधिक बोलण्याचा अधिकार त्यास नाहीं.

मुखपृष्ठावर आजीचें छायाचित्र आहे तें एका नातीच्या लग्नांतलें, गुलाबी साडींतलें. ही साडी तिनें आयुष्यांत त्या एकाच दिवशीं नेसली असें लेखकच सांगतो. लाल लुगड्यांतलें एक छायाचित्र आत्याकडे आहे. त्यांत आजीचे डोळे उन्हानें मिटलेले आहेत म्हणून तें नापसंत झालें. तें घ्यावें असें मीं सुचविलें असून, आत्यास विचारून कळवितों असें सांगून तो हस्तलिखित घेऊन गेला आहे.