नॉस्फेरातूची निळी रात्र

धर्मगुरूच्या फडताळात बायबलभाष्यांच्या शेजारी भुताखेतांच्या मूकपटांच्या तबकड्या पाहून आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांना नवल वाटते. त्यांपैकी एकीविषयी येथे लिहावयाचे आहे. फ्रीडरिश मुर्नाउ या जर्मन दिग्दर्शकाचा १९२२ सालचा ‘नॉस्फेरातू’.

हा मूकपट मी प्रथम पाहिला तो व्हिडिओ कॅसेटवर, निव्वळ काळापांढरा. (त्या कॅसेटला पुढे सिल्लोडच्या पावसाळ्यात बुरशी लागली.) रक्तपिपासू सरदार ओर्लोक आपली शवपेटी काखेत मारून नगरात हिंडतो, तोही लख्ख उन्हात! सूर्यकिरणाने ज्याचा नाश व्हावयाचा तो भर दुपारी कसा फिरतो? मला चक्क हसू आले. दोष मुर्नाउचा नव्हता. त्या काळी रात्रीचे प्रसंग दिवसा टिपीत आणि मग फितीला निळा रंग देत. पुढच्या नकलांत तो रंग नाहीसा झाला होता. लुचियानो बेरियातुआ यांनी पॅरिसच्या संग्रहातील १९२२ च्या रंग दिलेल्या फ्रेंच प्रतीच्या आधारे केलेल्या जीर्णोद्धारात तो परत आला आहे. आता रात्र निळी दिसते, पहाट गुलाबी होते, आणि त्या गुलाबी उजेडाची चाहूल लागताच अंगावर काटा येतो.

जीर्णोद्धार हे जोखमीचे काम असते. अजिंठ्याच्या शेजारी राहणाऱ्यांस हे सांगावयास नको. मुर्नाउ आपला चित्रपट करीत होता त्याच सुमारास, १९२० ते १९२२ मध्ये, निजाम सरकारने बोलावलेले इटालियन तज्ज्ञ लोरेन्झो चेक्कोनी तेथील भित्तिचित्रांवर लाखेचे रोगण चढवीत होते. हेतू रक्षणाचाच होता. परंतु रोगण पिवळे पडले आणि ते उतरविण्याचे कष्ट पुढच्या पिढ्यांवर आले. बेरियातुआ यांनी स्वतःचे काही चढविले नाही, हरवलेले तेवढे शोधले.

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवर ही कथा बेतलेली आहे. कादंबरीत क्रूस आणि पवित्र साक्रामेंत शस्त्रासारखे, खरे तर ताइतासारखे, वापरले जातात. धर्मगुरू म्हणून मला ते नेहमीच खटकले आहे. मुर्नाउने तो भाग जवळजवळ गाळला. त्याची एलेन त्या पिशाच्चास कोंबडा आरवेपर्यंत स्वेच्छेने थोपवून धरते आणि नगरासाठी प्राण देते. क्रूस न दाखविता क्रूसाचा अर्थ इतक्या जवळ आणणारे चित्रपट मी फार पाहिलेले नाहीत. एक गोष्ट मात्र बोचते. ओर्लोकचे बाकदार नाक, उंदरांसह परदेशातून येणारी साथ, यांत यहुद्यांविषयीच्या तत्कालीन विद्वेषी चित्रांची छाया अनेक अभ्यासकांना दिसते, आणि ती मलाही नाकारता येत नाही.

स्टोकरच्या विधवेची परवानगी न घेतल्याने १९२५ साली न्यायालयाने या चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. तरीही देशोदेशी पांगलेल्या प्रती कोणी ना कोणी जपल्या. आणि आपल्याकडे? बाबुराव पेंटर यांच्या ‘सैरंध्री’तील (१९२०) कीचकवध इतका हुबेहूब होता की प्रेक्षागृहात स्त्रिया मूर्च्छित पडल्या, सरकारने तो भाग कापावयास लावला, आणि लोकमान्यांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. मराठी पडद्यावरचे ते पहिले मोठे भय आज कोणालाच पाहता येत नाही. जो जाळण्याचा हुकूम झाला तो माझ्या फडताळात आहे. ज्याचा गौरव झाला तो नष्ट झाला. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि शिल्लक राहिले तीसच्या आतबाहेर. पुण्याच्या संग्रहालयाच्या नायट्रेट फितींना जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत उरलेल्यांतलेही बरेच गेले. फाळक्यांचे जे काही आज दिसते, त्यात त्यांच्या कुटुंबीयांनी घरात सांभाळलेल्या रिळांचा आणि ती मिळविणाऱ्या पी. के. नायर यांचा वाटा मोठा आहे.

‘नॉस्फेरातू’ सुमारे दीड तासाचा आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर सांगावे. पडदा आणि तबकडी दोन्ही तयार आहेत. लहान मुलांना मात्र घरीच ठेवावे.