चेहरे झाकलेले आई-वडील

नाशिकच्या सरकारवाड्यातले लाकडी खांब पाहताना नजर कोरलेल्या नक्षीवर जाते. वुडकटचा, म्हणजे लाकडी फळी कोरून काढलेल्या छापचित्राचा, हिशेब उलटा. फळीवर पटाशी चालते तेवढा भाग छापात कोरा राहतो. जो उरतो त्यावर शाईचा रूळ फिरतो आणि तोच कागदावर काळा उमटतो. काळ्या-पांढऱ्याच्या मधली करडी छटा नाही, एकदा कोरलेलं पुन्हा भरून काढणं अवघड. त्यामुळे शरीराचं काय ठेवायचं नि काय उडवायचं, हे मनाशी पक्कं करूनच हात चालवावा लागतो. माणसाचं दुःख या माध्यमात इतकं थेट भिडतं ते त्यामुळेच, असं मला वाटतं.

जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झ यांचं ‘आई-वडील’ हे चित्र घ्या. त्यांचा धाकटा मुलगा पेटर अठराव्या वर्षी, ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला. हे दुःख त्यांनी आधी इतर मुद्रणतंत्रांत मांडून पाहिलं, मन भरेना. १९२० मध्ये जर्मन शिल्पकार एर्न्स्ट बारलाख यांचे वुडकट त्यांनी पाहिले आणि लाकूड हाती घेतलं. त्यातून १९२२-२३ मध्ये ‘युद्ध’ ही सात वुडकटांची मालिका उभी राहिली. हे चित्र त्यातलंच.

गुडघे टेकलेलं एक जोडपं. बाईने स्वतःला नवऱ्याच्या अंगावर लोटून दिलंय, त्याने एका हाताने तिला धरलंय नि दुसऱ्याने स्वतःचं तोंड झाकलंय. एकाचाही चेहरा आपल्याला दिसत नाही. दोघांची शरीरं मिळून एकच काळी रास झाली आहे. त्याचा खांदा कुठे संपतो नि तिची पाठ कुठे सुरू होते, हे शोधावं लागतं. त्या काळ्यावर पटाशीचे बारीक पांढरे ओरखडे आहेत, म्हणून अंग वाकल्याचं कळतं. आणि तो चेहऱ्यावरचा हात! रडणारा चेहरा काढला असता तर आपल्याला दया आली असती. झाकलेल्या चेहऱ्यासमोर मात्र आपणच मान खाली घालतो.

कोलविट्झ यांची चित्रं १९३०च्या दशकात चिनी लेखक लू शून यांनी चीनमध्ये नेली, तिथे तरुणांची वुडकट चळवळ उभी राहिली आणि तिचे पडसाद आपल्याकडच्या डाव्या चित्रकारांपर्यंत आले. बंगालच्या दुष्काळाची चित्रं काढणारे चित्तप्रसाद १९४६च्या सुमारास मुंबईला आले आणि पुढची बरीच वर्षं अंधेरीत राहिले. लाकडाऐवजी लिनोलियम कोरून, ‘परीकथा नसलेल्या देवदूतां’ची, म्हणजे राबणाऱ्या लहान मुलांची मालिका त्यांनी केली. लिनोला लाकडाचे तंतू नसतात, त्यामुळे रेघ गोलाई घेऊन वळते. मला स्वतःला लाकडाचा अडेलपणा अधिक आवडतो. पण कोवळ्या वयाचं अंग कोरायला लिनोच योग्य होता, हे मान्य करायला हवं.

नाशिकजवळच्या इगतपुरी तालुक्यातली अशीच राबणारी कातकरी मुलं मेंढपाळांकडे वेठीला ठेवल्याचं २०२२ मध्ये उघडकीस आलं. नाशिकमध्ये कला शिकणाऱ्या तरुणांनी ती मुलं फळीवर कोरावीत. छपाईचं यंत्र नसलं तरी अडत नाही. शाई लावलेल्या फळीवर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासलं तरी छाप निघतो.