कलेचा तास कोणासाठी?

गणिताचा भाग मागे पडला की शाळेत पहिली संक्रांत येते ती गाण्याच्या नाहीतर चित्रकलेच्या तासावर. पालकांची त्याबद्दल तक्रार नसते. “आमच्या पोराला कुठे गवई व्हायचे आहे?” हा त्यांचा ठरलेला सवाल. पण हाच सवाल गणिताला कोणी विचारीत नाही. पोराला रामानुजन व्हायचे नाही म्हणून पाढे बंद केल्याचे ऐकिवात नाही. भाषा आपण शिकवितो ती सर्वांनी कादंबऱ्या लिहाव्यात म्हणून नव्हे, तर सर्वांना वाचता यावे म्हणून. मग गाणे ऐकता यावे आणि चित्र पाहता यावे, एवढ्यासाठी शाळेने तास राखून ठेवावा, हे आपल्याला का पटू नये?

हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ साली ते मुंबईला आले. विष्णु नारायण भातखंड्यांनी घराण्यांच्या कडीकुलुपातल्या चिजा मिळविल्या, स्वरलिपीत बसविल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’तून मराठीत छापल्या. दोघांचे मार्ग वेगळे होते. परंतु सामान्य घरातल्या मुलालाही ही विद्या मिळावी, ही तळमळ दोघांचीही होती. पुढे १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा अभ्यासक्रम आखला. त्यात सूतकताई, मातृभाषा आणि गणित यांच्या पंक्तीला संगीत आणि चित्रकलाही बसविली होती. पारतंत्र्यातल्या दरिद्री देशाच्या खेडोपाडीच्या शाळांसाठी केलेली ही योजना होती. कला ही पोट भरल्यानंतरची चैन आहे, असे त्या मंडळींना वाटले नाही.

आता आजचे चित्र पाहू. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलाशिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. मात्र शाळेचा पट शंभराच्या वर हवा! सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीवर किंवा आदिवासी पाड्यावर शंभर मुले आणायची कोठून? म्हणजे ज्या मुलाच्या आसपास ना गाण्याचा क्लास ना चित्रांचे प्रदर्शन, त्याच्याच शाळेला कायदा कलाशिक्षक देत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अभ्यास आणि कला यांच्यामधली भिंत पाडण्याची भाषा केली आहे. भाषा गोड आहे. पण शंभराची अट हीसुद्धा एक भिंतच आहे, आणि ती गरिबाच्या दारासमोर उभी आहे.

दुसरा दोष गुणांचा. महाराष्ट्रात चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा आणि शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. हेतू चांगला, आणि त्यामुळे चित्रकलेची वही अनेक घरांत टिकून राहिली हेही खरे. पण ज्या शाळेत गाणे शिकविलेच जात नाही, तिथल्या मुलाने हे गुण मिळवायचे कसे? खाजगी क्लासची फी भरून! सरकार जे शिकवीत नाही त्याचे गुण देते, आणि ते ज्याच्या बापाच्या खिशात पैसे आहेत त्याच्या पदरात पडतात.

कलेचे काही वकीलही तिची बाजू लंगडी करतात. गाण्याने म्हणे गणित सुधारते! या समजाला जोर आला तो १९९३ साली ‘नेचर’मध्ये छापलेल्या एका प्रयोगाने. तो लहान मुलांवर झाला नव्हता, कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता. त्यांनी मोझार्टचे संगीत नुसते ऐकले होते, आणि परिणाम टिकला होता जेमतेम दहा-पंधरा मिनिटे. भूप रागाने भूपाचेच सुख द्यावे. त्याने त्रैराशिक सोडवावे ही अपेक्षा कशाला?

“पण पैसा कोठून आणायचा?” असे कोणी विचारील. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांची शाळा चालविली ती शिंपले, खडे, पाने, बिया असल्या आसपासच्या वस्तूंवर. त्याच मुलुखातल्या वारली बायका लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आल्या आहेत. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला कागदावर आणली, जगभर नेली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गरिबाच्या घरात कला नसते असे नाही. शाळा तिला आत घेत नाही. चित्र काढा म्हटले की मुले दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली नदी आणि आकाशात चार आकड्यासारखे पक्षी काढतात. ज्याने आयुष्यात नारळ पाहिला नाही तोही नदीकाठी नारळ लावतो! स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

मागणे फार मोठे नाही. शंभराची अट काढावी. एका शाळेला शिक्षक परवडत नसेल, तर केंद्रशाळेभोवतीच्या पाच-सहा लहान शाळांना मिळून एक द्यावा. त्याने वार वाटून घ्यावेत. गावातल्या भजनी मंडळाचा पखवाजी, भारूड म्हणणारी आजी, भिंत सारवून चित्र लिहिणारी बाई यांना मानधन देऊन सन्मानाने वर्गात बोलवावे. आणि तो तास गणिताला उसना देऊ नये.

या दिवाळीत तुमच्या अंगणातली मुले माती कालवून किल्ला करीत असतील. बुरूज कोठे हवा यावरून भांडत असतील, पायथ्याशी आळीव पेरीत असतील. त्या किल्ल्याला कोणी गुण देत नाही, तरी जेवायला हाक मारली तरी ती उठत नाहीत. ही तहान मुलांना उपजतच असते. ती भागविण्याची सोय आपण आपल्या मुलांसाठी पैसे मोजून करतोच. ज्यांना ते मोजता येत नाहीत, त्यांच्यासाठी ती सरकारी शाळेनेच करावयाची आहे.